बर्फाची आणेवारी

टंगमर्गला रस्त्याच्या कडेनं गमबूट भाड्यानं देणाऱ्या दुकानांची रांग आहे. गुलमर्गला जाणारी पर्यटकांची गाडी तिथं थांबतेच. जानेवारी २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात आमची थांबली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, डांबर कोरडं होतं, गाड्यांमागं धूळ उडत होती आणि दुकानदार उकिडवा बसून आमच्या पायांची मापं काढत होता. वर बर्फ आहे का, असं विचारलं तर मान न उचलता म्हणाला, "ऊपर थोड़ा है।" माझी आई तेव्हा बाहत्तर वर्षांची. तिनं निमूटपणे बूट चढवले, भाड्याचा लांब कोट घातला आणि गाडीत बसल्यावर कोटाची वरची दोन बटणं सोडली, कारण उकडत होतं.

तेरा किलोमीटरचा घाट चढून वर आलो. ज्या उतारांचे फोटो दोन महिने फोनवर बघितले होते ते उतार तपकिरी होते. गवत वाळून जमिनीला चिकटलेलं. झाडांच्या सावलीत, जिथं ऊन पोचत नाही तिथं, मळक्या बर्फाचे दोन-चार पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर उभं राहून फोटो काढायला रांग. लाकडी स्लेज एकावर एक रचून ठेवलेल्या. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हे तर आपलं माळरानच की."

आपलं म्हणजे करमाळ्याचं. तिचं माहेर तिकडचं. अडीच महिन्यांपूर्वी, ३१ ऑक्टोबर २०२३ला, राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि त्या यादीत करमाळा होता. म्हणजे एका दुष्काळातून उठून आम्ही दुसऱ्या दुष्काळात हौसेनं, आगाऊ पैसे भरून आलो होतो. पहिल्याचा सरकारी आदेश निघाला होता. दुसऱ्याला नावही नव्हतं. मला बोलायचं आहे ते या न दिलेल्या नावाबद्दल.

आमच्या गटात सांगलीचे एक काका होते. निवृत्त, हिशेबाला पक्के. संध्याकाळी हॉटेलात त्यांनी सहलीची छापील कार्यक्रमपत्रिका काढली आणि व्यवस्थापक पोराला गाठलं. "यात 'बर्फातले खेळ' लिहिलंय. झाले का? नाही. मग तेवढे पैसे वजा करा." पोरगा कसनुसा हसला. "काका, बर्फ आपल्या हातात आहे का?" त्यावर काका म्हणाले, "मग छापता कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. परत आल्यावर बरेच दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. हातात नसलेली गोष्ट आपण छापून विकतो, आणि ती आली नाही की मोजतही नाही, हे काकांनी पाच शब्दांच्या आत सांगून टाकलं होतं.

त्या महिन्यात बर्फ न मिळालेल्या पर्यटकांची भरपूर टिंगल झाली. रील काढायला मिळाली नाही म्हणून रडताहेत, तिकडं शेतकऱ्याच्या पाण्याचा प्रश्न आणि यांना घसरगुंडी हवी, वगैरे. या टिंगलीत एक नैतिक आव असतो: खरं दुःख पोटाचं, बाकीची सगळी चैनीची. मला हा आव पटत नाही. पहिलं कारण असं, की ज्याला बर्फ आवडतो त्याचंच बर्फाकडं लक्ष असतं. गुलमर्गच्या कोरडेपणाची बातमी देशभर झाली ती कुठल्या सिंचन खात्याच्या पत्रकामुळं नव्हे, तर उघड्या उतारांच्या फोटोंमुळं. ओमर अब्दुल्ला यांनी आधीच्या हिवाळ्यांचे आणि त्या दिवसांचे फोटो टाकून लिहिलं होतं, की हिवाळ्यात इतकं कोरडं गुलमर्ग मी पाहिलेलं नाही. पुढं म्हटलं होतं, की लवकर बर्फ पडला नाही तर उन्हाळा हलाखीचा जाईल, आणि माझ्यासारख्या स्की करणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या राजकारणाशी इथं कर्तव्य नाही. पण उन्हाळ्यातलं पाणी आणि स्कीचा उतार या दोन गोष्टी एका दमात सांगणं मला अगदी बरोबर वाटलं. तो एकच बर्फ आहे.

दुसरं कारण असं, की बर्फाची हौस ही काही मुंबई-पुण्याहून विमानानं येणाऱ्यांनी काश्मीरवर लादलेली नाही. काश्मिरीत बर्फाला 'शीन' म्हणतात. मोसमातला पहिला बर्फ, म्हणजे 'नोव शीन', पडला की जुन्या घरांतून एक पैज चाले: त्या बर्फाचा तुकडा कागदात किंवा डब्यात गुंडाळून काहीतरी भेट असल्याच्या बतावणीनं दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्यानं बेसावधपणे घेतला तर तो हरला, त्यानं मेजवानी द्यायची. नीलमत पुराणात तर पहिल्या हिमपाताचा रीतसर उत्सव सांगितला आहे. हिमालयाची पूजा, हेमंत आणि शिशिर या ऋतूंची पूजा, उबदार कपडे घालून बर्फावर बसणं, नवं मद्य, गाणं, नाच. हजारेक वर्षांहून जुना ग्रंथ, आणि त्यात सरळ म्हटलंय की बर्फ पडला, आता मजा करा. पागोळ्यांना लटकणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना काश्मिरीत 'शिशरगांठ' म्हणतात, तो शिशिर आपलाच. ज्या समाजानं एखाद्या गोष्टीचा सण केला, त्याला ती गोष्ट उशिरा आली की आधी कळतं. आपल्याकडं मृगाची वाट बघणाऱ्याला कुणी चैनी म्हणत नाही.

आणि आपण तरी काय कमी आहोत? दर डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठतात. जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर चिमूटभर पांढरं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'महाबळेश्वरात हिमकण' म्हणून फोटो. चमच्यानं खरवडून तळहातावर घेतलेला. एवढ्याशा गोठलेल्या दवाची बातमी करणाऱ्या लोकांनी गुलमर्गला गेलेल्यांना हसू नये.

आता मूळ मुद्दा. काश्मीरचा बर्फ येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली वादळी वाऱ्यांची आवर्तनं वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यांबरोबर पूर्वेकडं सरकतात, वाटेत कॅस्पियनपासून अरबी समुद्रापर्यंत मिळेल तिथून बाष्प घेतात आणि हिमालयाला येऊन धडकतात. बातम्यांतून यांनाच पश्चिमी झंझावात म्हणतात. आपल्याकडं नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांवर अवकाळी पाऊस किंवा गारा पडतात तेव्हाही पुष्कळदा याच झंझावातांचं नाव येतं, त्यामुळं मराठी शेतकऱ्याला हा पाहुणा अनोळखी नाही, फक्त त्याचं आपल्याकडं येणं नको असतं आणि तिकडं न येणं. २०२३च्या डिसेंबरात हे झंझावात एक तर दुबळे होते किंवा उत्तरेकडून निघून गेले. जम्मू-काश्मीरमध्ये त्या महिन्यात सरासरीपेक्षा ७९ टक्के कमी पाऊस-बर्फ झाला आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा तर जवळजवळ कोरडा गेला.

हे दिवस कोणते होते हे महत्त्वाचं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. ही विभागणी कौतुकाची नाही, हिशेबाची आहे. मोठ्या थंडीत पडलेला बर्फ घट्ट होतो, थरावर थर बसतात, आणि तो उंचावर एप्रिल-मे-जूनपर्यंत टिकून थोडा थोडा वितळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला बर्फ दिसायला तेवढाच पांढरा असतो, पण त्याच्या मागं ऊन लागलेलंच असतं. आपण जसं मृगाच्या आणि हस्ताच्या पावसाला एका पारड्यात तोलत नाही, तसंच हे. मिलिमीटर सारखे आले म्हणून पेरणी साधते असं नाही.

थोडक्यात, काश्मीरचा बर्फ म्हणजे भिंत नसलेलं धरण. पाणी पडतं हिवाळ्यात, हवं असतं उन्हाळ्यात, आणि मधले महिने ते डोंगरावर घन स्वरूपात थांबतं, फुकट, भूसंपादनाशिवाय, कुणाचं गाव न बुडवता. सफरचंदाला तर बर्फाबरोबरची थंडीही लागते. झाडाला ठरावीक तास गारठ्यात झोपू दिलं नाही तर ते वेळीअवेळी फुलतं आणि मग फळ धरत नाही. हिंदुकुश-हिमालयातून निघणाऱ्या बारा मोठ्या नदीखोऱ्यांच्या वार्षिक प्रवाहात हिमवितळीचा वाटा सरासरी २३ टक्के आहे, असं काठमांडूची 'इसिमोड' ही संस्था सांगते. पश्चिमेकडच्या खोऱ्यांत तो याहून पुष्कळ मोठा.

उजनीचा साठा किती टक्के आहे, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोयनेत किती टीएमसी, जायकवाडी किती भरलं, खडकवासला साखळीत गेल्या वर्षी याच दिवशी किती होतं, हे पेपरात चौकट करून रोज छापून येतं. केंद्रीय जल आयोग देशातल्या दीडशेहून अधिक मोठ्या धरणांचा साठा दर आठवड्याला जाहीर करतो. त्या २०२४ सालात उजनी 'उणे'त गेली आणि 'उणे' या एका शब्दानं माणसं सावध झाली, ऊस लावावा की नाही याचे निर्णय झाले, भांडणं झाली, मोर्चे निघाले. तिकडं जानेवारीतच संगम इथल्या मोजपट्टीवर झेलमही शून्याखाली गेली होती. पण डोंगरावरच्या त्या न बांधलेल्या धरणात किती पाणी साठलंय, याची चौकट मी आजवर कुठल्या पेपरात पाहिलेली नाही. हिमाच्छादन किती चौरस किलोमीटर हे उपग्रह सांगतात, हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची संस्था देते, म्हणजे मोजणारे आहेत. पण चादर किती मोठी यावरून ती किती जाड हे कळत नाही. दहा इंच ताज्या, भुसभुशीत बर्फाचं जेमतेम एक इंच पाणी होतं. वसंतातल्या दाबलेल्या बर्फाचं तीन-चार इंच. सामान्य माणसाला उपयोगी पडणारा आकडा हा, पाण्याचा.

हा आकडा काढण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती शोधली, कुणाला खरं वाटणार नाही, एका लॅटिनच्या प्राध्यापकानं. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात अभिजात भाषा शिकवणाऱ्या जेम्स चर्च यांना हिवाळ्यात डोंगर चढायचा नाद होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माउंट रोझ नावाच्या शिखरावर त्यांनी एक पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसून, आतल्या बर्फासकट ती तोलून, खालच्या तलावात वसंतात किती पाणी येईल याचा अंदाज बांधायला सुरुवात केली. नळी आणि तराजू, एवढंच. तेव्हा हाही एक हिमप्रेमीच. पुढं अमेरिकेच्या पश्चिम भागात ही पद्धतच झाली. १ एप्रिल २०१५ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडातल्या फिलिप्स स्टेशन या मोजणीच्या ठिकाणी गेले. एरवी तिथं त्या दिवशी पाच-साडेपाच फूट बर्फ असतो. त्यांचे पाय वाळक्या गवतात होते. राज्यभरातला हिमसाठा सरासरीच्या पाच टक्के होता आणि तिथं उभं राहूनच त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के सक्तीची कपात जाहीर केली. तो फोटो बघितला की मला गुलमर्गच आठवतं. तेच गवत, तोच रंग. पण त्या गवताच्या मागं एक आकडा होता आणि आकड्याच्या मागं एक आदेश.

आपल्याकडं आदेश काढायची परंपरा नाही असं कोण म्हणेल? महाराष्ट्राला आणेवारी पाठ आहे. रुपयाला किती आणे पीक आलं हे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत ठरायचं आणि निम्म्याच्या खाली गेलं की दुष्काळ. आणे गेले, पैसे आले, 'पैसेवारी' म्हणू लागले. अलीकडं पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकाची हिरवाई असे निर्देशांक आले. या पद्धतीवर शेतकऱ्यांचे शंभर आक्षेप आहेत आणि त्यातले नव्वद खरे असतील. गावाच्या शिवारात न जाता आकडे भरले जातात, उंबरठा मुद्दाम एक-दोन पैशांनी चुकवला जातो, हे सगळं ऐकत मोठा झालोय. तरीही त्या आकड्याचं एक मोल आहे: त्यावर भांडता येतं. पन्नासाच्या आत की बाहेर, यावर तहसीलसमोर बसता येतं. वीजबिलात सूट, शेतसाऱ्यात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जवसुलीला स्थगिती हे सगळं त्या आकड्याला लटकलेलं असतं.

गुलमर्गच्या स्लेजवाल्याकडं भांडायला काही नव्हतं. त्याच्याशी आमची गाठ पडली ती तो मोकळा होता म्हणून. आईला चालवेना तेव्हा तिला बाकावर बसवलं, तो शेजारी येऊन उभा राहिला. फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, धरल्यामुळं पोट पुढं आल्यासारखं दिसत होतं. कुठून आलात, विचारलं. पुणे म्हटल्यावर त्यानं विचारलं, "वहाँ बारिश हुई इस साल?" आईला हिंदी बेताचं, पण एवढं कळलं. ती म्हणाली, "नाही झाली बाबा. तुमच्यासारखंच." तो हसला आणि म्हणाला की वर्षभराची कमाई याच दोन-अडीच महिन्यांत होते, उन्हाळ्यात घोडेवाल्यांचे दिवस असतात, स्लेजवाल्यांचे नाहीत. यंदा काही मदत मिळते का, असं मी विचारलं. कशाची मदत, हे त्याला खरंच कळलं नाही. पूर आला, आग लागली, हिमस्खलन झालं तर मदत असते. बर्फ पडला नाही ही आपत्ती कशी होईल? न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कसा करायचा?

पण दुष्काळ म्हणजे न घडलेल्याच गोष्टीचा पंचनामा असतो. आपण तो शंभर-सव्वाशे वर्षं करत आलोय.

म्हणून मी त्याला हिमदुष्काळ म्हणतो, आणि मराठीत तो शब्द आयता बसतो कारण आपल्याकडं दुष्काळाचे ओला आणि कोरडा असे दोन प्रकार आधीच आहेत. बर्फाचंही तसंच. ढगच आले नाहीत, काहीच पडलं नाही, हा कोरडा हिमदुष्काळ. २०२४चा जानेवारी तसा होता. ढग आले, पण हवा गरम म्हणून बर्फाऐवजी पाऊस पडला आणि वाहून गेला, हा ओला हिमदुष्काळ. दुसरा जास्त फसवा. पावसाच्या नोंदीत तूट दिसत नाही, मोजपात्र भरलेलं असतं आणि डोंगर मात्र रिकामा. तापमान वाढत जाईल तसा हा दुसरा प्रकार वाढणार, आणि नुसता पाऊस मोजणाऱ्या यंत्रणेला तो दिसणारच नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एका हिवाळ्यावरून एवढा गहजब कशाला? २०२३-२४ला एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागर तापून जगभरचं हवामान बिघडलं होतं; कोरडे हिवाळे काश्मीरला नवे नाहीत; जानेवारीच्या अखेरीस बर्फ आलाच की. आक्षेपाचा पहिला भाग मान्य. एका हिवाळ्यावरून हवामानबदल सिद्ध करू पाहणारा माणूस मलाही आवडत नाही; तो पुढच्या वर्षी भरपूर बर्फ पडला की तोंडावर आपटतो. पण 'आलाच की' हे मान्य नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणि फेब्रुवारीत बर्फ पडला, वाहिन्यांवर आनंदीआनंद झाला, पुढं ढकललेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २१ ते २५ फेब्रुवारीला गुलमर्गला पार पडल्या आणि विषय संपला. मात्र त्या मोसमात हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा १८.५ टक्के कमी होतं असं इसिमोडच्या अहवालात निघालं. पुढच्या मोसमात, २०२५ला, ही तूट २३.६ टक्क्यांवर गेली. तेवीस वर्षांतला नीचांक. त्या फेब्रुवारीत अनंतनागजवळचा अछबलचा झरा, मुघल बागेतून वाहणारा, आसपासच्या गावांना पिण्याचं पाणी देणारा, आटला. हिवाळी स्पर्धा पुन्हा पुढं ढकलल्या, या वेळी थेट ९ ते १२ मार्च. फेब्रुवारीच्या मध्यावर बर्फ नाही म्हणून स्पर्धा हलवता येते. झरा हलवता येत नाही. (एप्रिल २०२५मध्ये पहलगामला जे घडलं, त्यानंतर काश्मीरच्या पर्यटनाबद्दल बोलणं वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलणं झालं. ते इथं काढत नाही.)

दुसरा आक्षेप मजेशीर आहे आणि तो मला पुण्यातल्याच एका हवामानवेड्या मित्रानं ऐकवला. हिमालयात बर्फ कमी म्हणजे आपला पाऊस चांगला, मग तू कशाला रडतोस? याला इतिहास आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४मध्ये मांडलं होतं, की हिमालयात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो. देशातला पहिला रीतसर मोसमी अंदाज १८८६ला निघाला तो या बर्फाच्या आधारानं. पुढं खात्याचं मुख्यालय सिमल्याला गेलं, १९२८ला पुण्याला आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. बसमध्ये "सिमला ऑफिस उतरा" असं ऐकणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल, की त्या नावात हिमालयाच्या बर्फाशी जोडलेला आपल्या पावसाचा जुना धागा आहे? २०२४चा पावसाळा खरोखरच चांगला गेला, देशात सरासरीच्या १०८ टक्के. मित्र जिंकला? नाही. एल निनो ओसरला होता, आणि बर्फ-पावसाचं ते नातं गेल्या काही दशकांत इतकं बेभरवशाचं झालंय की नुसत्या त्यावर अंदाज कुणी बांधत नाही. पण ब्लॅनफर्डची एक गोष्ट घ्यावी. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, हातात उपग्रह नसताना, त्या माणसाला हिमालयातला बर्फ हा राज्यकारभाराचा आकडा वाटत होता.

कृत्रिम बर्फाबद्दल दोनच वाक्यं. बीजिंगच्या २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जवळपास सगळा बर्फ यंत्रांचा होता आणि आपल्याकडं औलीलाही २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी यंत्रं आणली गेली. यंत्राला पाणी लागतं, वीज लागते आणि थंडीही लागतेच, तेव्हा ज्या वर्षी डोंगरात पाणी नाही त्याच वर्षी तळ्यातलं पाणी उपसून उतार पांढरे करायचे, ही कल्पना मला लग्नात टँकर मागवून कारंजं उडवण्यासारखी वाटते.

मग करायचं काय? झेलम, चिनाब, बियास, सतलज या खोऱ्यांत डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला हिमसाठ्याचं पाणी किती, सरासरीच्या किती टक्के, हे धरणांच्या साठ्यासारखं जाहीर व्हावं. आणि ठरावीक तारखेला, समजा चिल्लई कलां संपते त्या दिवशी, तो आकडा निम्म्याच्या खाली असेल तर हिमदुष्काळ जाहीर व्हावा. मग पिण्याच्या पाण्याचं नियोजन फेब्रुवारीत सुरू होईल, भातलावणीऐवजी दुसरं काही घ्या हे शेतकऱ्याला वेळेत सांगता येईल आणि स्लेजवाल्याच्या कर्जाचा हप्ता पुढं ढकलता येईल. उंचावर मोजणी अवघड आहे, हे मला कळतं. वारा एका बाजूचा बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, एका नळीच्या मापावरून डोंगर कळत नाही, शिवाय गुलमर्गच्या मागं नियंत्रणरेषा आहे. खरी अडचण मात्र आणखी वेगळी. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या नद्यांच्या प्रवाहाची तपशीलवार आकडेवारी आपल्याकडं गोपनीय मानली जाते. शेजाऱ्यांशी पाण्यावरून वाद आहेत, म्हणून. पण शेजाऱ्याचे उपग्रह आपल्या डोंगरावरचा बर्फ बघतातच. मग हे गुपित उरतं कुणापासून? अछबलच्या माणसापासून आणि टंगमर्गच्या दुकानदारापासून.

सहल कंपन्यांनाही हा आकडा छापायला लावावा, कार्यक्रमपत्रिकेत, 'बर्फातले खेळ' या ओळीच्या शेजारी. सांगलीच्या काकांना तेवढंच हवं होतं. पुढं त्यांना काही पैसे परत मिळाले म्हणे. किती ते सांगत नाहीत.

परतताना टंगमर्गला बूट परत केले. दुकानदारानं सवयीनं उलटे करून तळवे पाहिले. ओल नव्हती, चिखल नव्हता, खाचांत वाळक्या गवताच्या काड्या अडकल्या होत्या. त्यानं त्या बोटानं काढल्या आणि बूट जागेवर ठेवले.

पंधरा-वीस दिवसांनी सहलीच्या व्हॉट्सॲप गटावर गुलमर्गचा व्हिडिओ आला. सगळं पांढरं. कुणीतरी लिहिलं, "आपलं नशीबच फुटकं." मी स्लेजवाल्याला फोन लावला, नंबर त्यानं आईजवळ देऊन ठेवला होता, पुढच्या वेळेसाठी. मागं लोकांचा गलका ऐकू येत होता, धंदा सुरू झाला होता. किती पडला, विचारलं. कमरेपर्यंत, म्हणाला. मग मी विचारलं, यात पाणी किती आहे? त्याला आधी प्रश्न ऐकू आला नाही असं वाटून मी पुन्हा विचारला.

"वो तो साहब," तो म्हणाला, "मई में पता चलेगा।"